चौकोनी घड्याळ, निळा पट्टा आणि श्रीखंडाचा डबा

पत्र नाशिकहून आलंय, नाव नको म्हणालेत, थोडं कापून देतो :

"माझे वडील मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. २०११ मध्ये शेवटच्या ट्रिपला त्यांनी सिंगापूरहून टॅग ह्युअरचं चौकोनी घड्याळ घेतलं, मोनॅको. निळी डायल, आत दोन पांढरे छोटे चौकोन. गेल्या वर्षी बाबा गेले. आता वाटणी चाललीय, भांडण अजिबात नाही, पण घड्याळ मी ठेवायचं आणि ताईला त्याच्या निम्मे पैसे द्यायचे असं मनात आहे. प्रश्न किमतीचा. दाजी म्हणतात घड्याळ डुप्लिकेट आहे, कारण खऱ्या मोनॅकोची चावी डाव्या बाजूला असते आणि डायलवर नुसतं ह्युअर लिहिलेलं असतं, तसा व्हिडिओ पण दाखवला. एका दुकानदाराने ८५ हजार सांगितले, म्हणाला पट्टा लोकल आहे त्यामुळे घड्याळाची पण गॅरंटी नाही. पट्टा खरंच लोकल आहे, आधीचा निळा तुटला म्हणून बाबांनी कधीतरी बदलला. बॉक्स नाही, बिल नाही, कार्ड आहे, त्यावर सीएडब्ल्यू २१११ टिंब एफसी ६१८३ असं काहीतरी आहे. दाखवायला न्यायच्या आधी पॉलिश करून चांगला पट्टा टाकून घेऊ का? बाबांच्या श्रीखंडाच्या डब्यात जुने पट्टे, पिना, किल्ल्या असला कचरा आहे, तो पण काढून टाकायचाय. फोटो जोडलेत."

डबा टाकू नका. बाकी सगळं सावकाश वाचा, पण हे आधी, डबा उचला आणि कपाटात ठेवा, घरात कुणी आवराआवरीच्या मूडमध्ये असेल तर कुलूप लावून ठेवा. का ते पुढे सांगतो.

आधी दाजींचं बघू. दाजी चुकलेत पण उगाच बोललेले नाहीत, त्यांनी जो व्हिडिओ पाहिला तो पण बरोबरच असणार, फक्त तो दुसऱ्या घड्याळाचा आहे. मोनॅको पहिल्यांदा आलं १९६९ च्या मार्चमध्ये. त्या वर्षाच्या आधी क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, आपोआप चावी भरणारं असं कुणाकडे नव्हतं, आणि त्या एका वर्षात तीन-तीन गट त्याच्या मागे लागलेले, ह्युअरवाल्यांनी ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ-देप्राझ या घड्याळाच्या धंद्यातल्या कंपन्यांबरोबर मिळून एक मशीन बनवलं, कॅलिबर ११. त्याची रचनाच अशी होती की बटणं उजवीकडे आणि चावी डावीकडे आली, आणि कंपनीने त्याचंच भांडवल केलं की बघा, आता रोज चावी द्यायची गरजच नाही म्हणून ती बाजूला टाकली. हुशार लोक. डायलवर नुसतं ह्युअर, कारण तेव्हा टॅग नावाचा प्रकारच त्यात नव्हता, टॅग ग्रुपने कंपनी घेतली १९८५ ला.

तरी तेव्हा ते घड्याळ काही फार चाललं नाही. सत्तरच्या दशकातच बंद पडलं. मग १९९८ ला परत आणलं आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याची इतकी मॉडेल्स आलीत की कुणीही गोंधळावं. तुमच्या कार्डावरचं सीएडब्ल्यू २१११ हे २००९ ला आलेलं मॉडेल, ३९ मिलिमीटरची केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, आत कॅलिबर १२, चावी उजवीकडेच, डायलवर पूर्ण टॅग ह्युअर. दाजींच्या व्हिडिओतलं बहुधा सीएडब्ल्यू २११पी असणार, ते २०१५ चं, त्यात मुद्दाम १९६९ ची आठवण म्हणून चावी डावीकडे घेतली आणि जुना ह्युअरचा लोगो टाकला. म्हणजे बाबांनी घड्याळ घेतलं तेव्हा ते मॉडेल निघालेलंच नव्हतं. २०११ च्या कार्डाबरोबर डाव्या चावीचं २११पी निघालं असतं तर मी म्हणालो असतो की दाजी, तुमचा संशय खरा. दाजींना हे सांगताना जरा बेताने सांगा, वाटणी अजून व्हायचीय.

याचा अर्थ तुमचं घड्याळ शंभर टक्के खरं असा पण नाही हं. फोटोवरून कुणी खात्री देत असेल तर त्याच्याकडे जाऊच नका. फर्स्ट कॉपीवाले डायल, लोगो, मागचा नंबर सगळं हुबेहूब करतात, त्यांची गोची होते मशीनमध्ये. म्हणून घरच्या घरी एक करून बघा. घड्याळ वर्षभर पडून आहे म्हणताय तर आधी चावी हाताने हळूहळू वीस-पंचवीस वेळा फिरवा, जोर नको. सेकंदाचा काटा कुठला चालू होतो ते बघा, मधला मोठा लाल काटा चालू झाला नाही म्हणून घाबरू नका, तो स्टॉपवॉचचा, एरवी बारावर गप्प उभा असतो. चालता सेकंद छोट्या पांढऱ्या चौकोनात असतो. आता वरचं बटण दाबा. मधला काटा निघायला पाहिजे, आणि एक फेरी पूर्ण झाली की दुसऱ्या छोट्या चौकोनातला काटा एक घर पुढे सरकायला पाहिजे. पाच मिनिटं थांबा, चहा टाका, पाच मिनिटांनी तो पाचवर आहे का बघा. परत वरचं बटण दाबून थांबवा, मग खालचं दाबा, दोन्ही काटे टक्कन शून्यावर. स्वस्त नकलेत हा दुसरा छोटा काटा एकतर शोभेचा असतो, हलतच नाही, किंवा तो चोवीस तासांचा काटा असतो आणि स्टॉपवॉचशी त्याचं काही देणंघेणं नसतं. काटा शून्याच्या जरा अलीकडे-पलीकडे थांबला तर ते नकली असल्याचं लक्षण नाही, सर्व्हिसिंगचं काम आहे. ही चाचणी एकदाच करा, पाहुण्यांना दाखवायला दहा वेळा नको, आत तेल वाळलेलं असणार.

मग कार्डावरचा नंबर आणि घड्याळाच्या मागे कोरलेला नंबर शेजारी शेजारी ठेवून ताडा, मॉडेलचा पण आणि सिरियलचा पण. मागचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही, मला पाठवा पण व्हॉट्सॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका, असे नंबर उचलून नकलेवर कोरतात. आणि शेवटची खात्री म्हणजे कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, ते मागचं झाकण उघडून बघतात आणि नकली घड्याळ सर्व्हिसला घेत नाहीत. त्यांनी घेतलं आणि एस्टिमेट दिलं की तो कागद जपून ठेवा, बिल नाहीये तुमच्याकडे, त्याची थोडीफार भरपाई हा कागद करतो.

आता पट्टा. इथे मला जरा बोलायचंय कारण दुकानदाराने तुम्हाला जे ऐकवलं ते मी आयुष्यभर ऐकत आलोय, खरं सांगायचं तर तरुणपणी काउंटरमागे उभं राहून मी पण ऐकवलंय. "पट्टा लोकल, म्हणजे घड्याळाची गॅरंटी नाही." अहो, चामड्याचा पट्टा ही झिजणारी वस्तू आहे. आपल्याकडच्या घामात आणि पावसाळ्यात रोज वापरला तर दोन-तीन वर्षांत जातो. २०११ चं घड्याळ आणि पट्टा तेव्हाचाच, नवाकोरा, असं कुणी आणलं तर मीच उलट विचारीन की हे घातलंच नाही का कधी. पट्टा बदललेला असणं हा भाव पाडायचा मुद्दा आहे, खरं-खोटं ठरवायचा नाही. मोटारीला टायर लोकल टाकले म्हणून आरसी बुक खोटं होत नाही.

पण भाव पाडायला मात्र त्याच्याकडे कारण आहे, ते पण खरं. तुमच्या फोटोत नीट बघा, घड्याळाचे चार पाय आहेत ना, ज्यांच्यामध्ये पट्टा बसतो, तिथे पट्ट्याच्या दोन्ही बाजूला बारीक फट दिसतेय, आतली पिन चमकतेय. या मॉडेलला २२ मिलिमीटरचा पट्टा लागतो, कुणीतरी २० चा बसवलाय. गोल घड्याळात एवढी फट खपून जाते, चौकोनी घड्याळात नाही खपत, कारण तिथे केसची सरळ रेघ पट्ट्यात उतरत जाते, आणि मध्ये फट आली की मापाचा शर्ट सोडून धाकट्या भावाचा घातल्यासारखं दिसतं. शिवाय पट्टा अरुंद असला की पिनेवर डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि पायांच्या आतल्या बाजूला घासतो. तो पट्टा आजच काढून घ्या. स्वतः चाकूने नको, साध्या घड्याळजीकडून, आणि काढताना समोर उभे राहा.

तर डबा. तुम्ही लिहिलंय की आधीचा निळा पट्टा तुटला म्हणून बाबांनी बदलला. कार्डावर टिंबानंतर जे एफसी ६१८३ आहे ना, तो पट्ट्याचा नंबर आहे. या कंपनीत एफसी म्हणजे चामडं, एफटी म्हणजे रबर वगैरे, स्टीलची साखळी असेल तर बीए. तुमचं घड्याळ मगरीच्या कातड्याच्या पट्ट्यावर विकलं गेलेलं. आणि त्या पट्ट्याला खाली जे बकल येतं ते आपलं नेहमीचं, सुई भोकात घालायचं बकल नाही, ते दुमडून मिटणारं स्टीलचं बकल, दोन्ही बाजूंची छोटी बटणं चिमटीत दाबली की उघडतं, वर कंपनीचं ढालीचं चिन्ह. फोटोतल्या लोकल पट्ट्याला साधं सुईचं बकल आहे. मग ते जुनं गेलं कुठे?

हा खरा प्रश्न आहे, कारण जुनं चामडं म्हणजे शून्य रुपये, तुटलेल्या पट्ट्याला कोण काय देणार, पण बकल म्हणजे पैसे. बकल झिजत नाही, नवीन पट्ट्यावर बसतं, आणि कंपनीकडून वेगळं घ्यायला गेलात तर पट्ट्याइतकीच त्याची पण किंमत टोचते. पट्टा बदलायला घड्याळ दिलं आणि परत आलं तेव्हा नवीन पट्टा नवीन बकलासकट आला, जुना पट्टा "साहेब टाकून दिला, पार खराब झालेला" असं म्हणून गेला, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. जुना पट्टा टाकला असेल हो, बकल कुणी टाकत नाही. एकदा माझ्या स्वतःच्या घड्याळाचं असंच गेलं, मी धंद्यातला माणूस असून, लग्नाच्या गडबडीत पट्टा बदलायला दिला आणि चार दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून पट्टा बदलायला दिला की मी बकल आधी काढून खिशात घालतो.

पण तुमचे बाबा इंजिनिअर होते. किल्ल्या, पिना, जुने पट्टे डब्यात घालून ठेवणारा माणूस दुकानदाराला "राहू दे, दे इकडे" म्हणून जुना पट्टा परत घेऊन आला असणार असं मला वाटतंय. पैज लावत नाही, पण त्यासाठीच डबा टाकू नका म्हणालो.

डब्यात निळा पट्टा सापडला तर तो बाबांचा मूळचा का, आणि मूळचा असेल तर खरं मगरीचं कातडं का, हे बघायला पट्टा उलटा करा. आतल्या मऊ चामड्यावर नंबर दाबलेला असतो, एफसी ६१८३ दिसलं की संपलं, घामाने पुसट झाला असेल, टॉर्च आडवी धरून बघा. नंबर गेलाच असेल तर वरून बघा. खऱ्या मगरीच्या कातड्यावरचे खवले एकसारखे नसतात, मधले मोठे चौकोनी आणि कडेला जाता जाता छोटे गोलसर होत जातात, आणि पट्ट्याचे दोन तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. गायीच्या चामड्यावर छाप मारलेला असेल तर नक्षी फार शहाणी असते, सगळ्या रेघा एका खोलीच्या, टाइल्स लावल्यासारख्या. पट्टा हलकेच वाकवा, खरं कातडं खवल्यांमधल्या खाचेत दुमडतं, छापाचं असेल तर खवल्याच्या मधोमध बारीक सुरकुत्या येतात. अजून एक गंमत, खवल्यांवर प्रत्येकी एक बारीक टिंब दिसलं, सुई टोचल्यासारखं, तर ते क्रोकोडाइल, आणि नसेल तर अ‍ॅलिगेटर, महागड्या पट्ट्यांना बहुतेक करून अ‍ॅलिगेटर लावतात. मराठीत दोघीही मगरीच, किमतीत मात्र बहिणी-बहिणी नाहीत.

पट्टा बुरसटलेला, वास मारणारा असेल तरी धुवू नका, खोबरेल लावू नका (हो, लोक लावतात), ऊन दाखवू नका. कोरड्या फडक्याने पुसायचा, कागदात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. तुटलेला असला तरी घड्याळाबरोबर ठेवायचा. मनगटावर तो परत चढणार नाही, पण कार्डावरचा नंबर आणि पट्ट्यावरचा नंबर एक निघाला तर घड्याळाची कहाणी जुळते, आणि सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक तेच शोधत असतं, जुळणारी कहाणी.

पॉलिशचं विचारलंत. नको. याला दुसरं उत्तर नाही. गोल घड्याळ बफवर धरलं तर थोडंफार निभावतं, चौकोनी घड्याळाची सगळी किंमत कडांमध्ये असते. मोनॅकोच्या केसवर काही भाग चकचकीत आणि काही बारीक रेघारेघांचे, मॅट, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे नखाला लागेल अशी धार असते. बफचं चाक या धारेला ओळखत नाही, सगळं एकसारखं चकचकीत करून टाकतं आणि कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. एका गिऱ्हाइकाने असंच चौकोनी घड्याळ माझ्याकडे आणायच्या आदल्या दिवशी "जरा नीट दिसू दे" म्हणून पॉलिश करून आणलेलं, सहाशे रुपये देऊन, आणि त्या सहाशे रुपयांनी त्याचं हजारोंचं नुकसान झालं, गेलेलं स्टील परत आणता येत नाही. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला ओरखडे दिसतायत, कडा मात्र मस्त आहेत, ते ओरखडे तसेच राहू द्या. काचेवर चरे आहेत का ते फोटोत कळत नाही, या मॉडेलची काच सफायर आहे, ती सहसा चरत नाही, चरली असेल तर घासून जात नाही, आणि टूथपेस्टचे जे उपाय व्हिडिओत दाखवतात ते जुन्या प्लॅस्टिकच्या काचेसाठी.

नवीन पट्टा पण दाखवायच्या आधी टाकू नका. तुम्ही घेतलेल्या पट्ट्याचे पैसे कुणी धरत नाही. घड्याळ बिनपट्ट्याचं, स्वच्छ पुसून, मऊ कापडात गुंडाळून न्या, बघणाऱ्याला पायांच्या आतली बाजू पण दिसते आणि लपवाछपवी वाटत नाही.

किंमत. आता इथे लोक गडबड करतात, एक आकडा मागतात. घड्याळाला एक किंमत नसते, कोण विचारतंय त्यावर असते. इन्शुरन्सवाला विचारतो तेव्हा प्रश्न असतो की हे हरवलं तर तसंच दुसरं नवं आणायला किती लागतील. दुकानदार विचारतो तेव्हा तो सर्व्हिसिंग, पट्टा, किती महिने शोकेसमध्ये पडून राहील, आणि त्याचा नफा, एवढं सगळं वजा करून बोलतो. आणि तिसरा आकडा म्हणजे तुमच्यासारखाच एखादा माणूस ते आवडीने घेताना जे देईल तो. तिन्ही खरे असतात. दुकानदाराचे ८५ हजार म्हणूनच मी खोटे म्हणणार नाही, कमी म्हणीन. चालू स्थितीतल्या या मॉडेलला ऑनलाइन दोन लाखांच्या वरच्या किमती लागलेल्या दिसतील तुम्हाला, पण त्या मागितलेल्या किमती आहेत, मिळालेल्या नाहीत, सेकंडहँड फ्लॅटच्या जाहिरातीसारखंच, त्यातून थोडं कमी करूनच वाचायचं. झालेल्या सौद्यांचे आकडे जिथे दिसतात तिथे बघा, त्याच नंबरचं, कार्ड असलेलं, बॉक्स नसलेलं. निदान तीन ठिकाणी दाखवा आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोला, "विकायचं नाहीये, वाटणीसाठी किंमत हवीय, लेखी द्याल का, फी काय?" विकायचं नाही म्हटलं की माणूस बऱ्यापैकी खरं बोलतो. जो फी न घेता घासाघीस सुरू करेल तिथून नमस्कार करून निघा.

वाटणीला माझ्या मते तिसरा आकडा धरा. उद्या असंच सेकंडहँड घड्याळ तुम्हाला बाजारातून घ्यावं लागलं तर जे पडेल ते. त्यातून सर्व्हिसिंगचं एस्टिमेट वजा करा, क्रोनोग्राफ आहे म्हणजे अधिकृत ठिकाणी पाच आकडी खर्च धरूनच चाला, आणि बकल सापडलं नाही तर पट्टा-बकलाचा खर्च पण वजा करा. जे उरेल त्याचं निम्मं ताईला. दुकानदाराचे ८५ हजार धरून निम्मे दिलेत तर आज कुणी काही म्हणणार नाही, पण पाच वर्षांनी ताईचा मुलगा कुठेतरी किंमत बघेल आणि मग दिवाळीला विषय निघेल. आणि इन्शुरन्सचा आकडा धरलात तर तुम्ही विनाकारण जास्त द्याल. अजून एक विचारू का, ताईला पैसे हवेत हे तुम्ही ठरवलंय की तिने सांगितलंय? पत्रात तिचं म्हणणं कुठेच नाही. कदाचित तिला पण घड्याळच हवं असेल. विचारा आधी.

टॅक्सची भीती कुणी घातली तर, २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या घड्याळाच्या विक्रीवर विकणारा एक टक्का गोळा करतो ते खरं, पण तुमचं घड्याळ त्या रकमेच्या आसपास पण जात नाही आणि तुम्ही विकत पण नाही आहात. बाकी सीएला विचारा, तो माझा प्रांत नाही.

आणि हो, कुणीतरी तुम्हाला सांगेलच की मोनॅको म्हणजे स्टीव्ह मॅक्वीनचं घड्याळ, १९७१ च्या त्याच्या मोटार शर्यतीच्या सिनेमातलं, लिलावात करोडोंत गेलेलं. गेलंय खरं, २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला, बावीस लाख डॉलरच्या वर. पण ते १९६९ च्या पिढीतलं, त्याने स्वतः शूटिंगला घातलेलं. तुमचं ते नाही. ऐकून घ्या, हसा, आणि आकड्यात धरू नका.

तोवर घड्याळ घालू नका, निदान पावसात तर नकोच. चौकोनी काचेच्या कोपऱ्यांत रबराची सील आधी थकते, पंधरा-एक वर्षांची सील असेल तर पाण्यात किती खोल चालेल म्हणून घड्याळावर लिहिलेल्या शंभर मीटरचा काही अर्थ नाही, हात धुताना सुद्धा काढा. काचेच्या आत कधी वाफ धरलेली दिसली तर तांदळात पुरू नका, सरळ सर्व्हिसला.

आता डबा. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा आणि त्यावर ओता, सतरंजीवर नको, पट्ट्याच्या पिना इतक्या बारीक असतात की विणीत शिरल्या की गेल्या. निळा पट्टा शोधा, दुमडणारं बकल शोधा, ते सुटं असेल, पट्ट्याला लावलेलंच असेल असं नाही, बाबांनी ते नटबोल्टबरोबर ठेवलं असेल तर वरवर बघताना कपाटाची कडी वाटेल. जाड, दोन टोकांना बारीक टोकं असलेल्या २२ मिलिमीटरच्या पिना मिळाल्या तर त्या पण बाजूला काढा. मग सगळ्याचा वरून एक फोटो, पट्ट्याच्या आतल्या बाजूचा एक, आणि घड्याळाच्या मागचा एक, नंबरचे शेवटचे तीन आकडे बोटाने झाकून, एवढे तीन मला पाठवा.